दिल्लीत सावली कुणाच्या वाट्याला येते

१६ जानेवारी २०२३ रोजी दिल्लीच्या सफदरजंग वेधशाळेत किमान तापमान १.४ अंश नोंदले गेले आणि २९ मे २०२४ रोजी तिथेच पारा ४६.८ अंशांवर गेला. दीड वर्षाच्या आत त्याच भिंतींनी, त्याच छपरांनी आणि त्याच माणसांनी पंचेचाळीस अंशांची तफावत सोसली. त्या मे महिन्यात दिल्लीतल्याच मुंगेशपूरच्या स्वयंचलित हवामान केंद्राने ५२.९ अंशांचा आकडा दाखवला, देशभर खळबळ उडाली आणि पुढे हवामान खात्याने तिथला संवेदक तीन अंश जास्त दाखवत असल्याचे स्पष्ट केले. चर्चा तो आकडा खरा की खोटा याभोवतीच फिरत राहिली. ४६.८ अंशांतही याच शहरात कुणी पातळ चादर पांघरून झोपते आणि कुणी रात्रभर ओला पंचा अंगावर घेऊन बसते. हा फरक घराचे बांधकाम, छताची मालकी आणि रस्त्याची रचना यांतून येतो, आणि या तिन्ही गोष्टी माणसांनी ठरवलेल्या आहेत.

मी मूळची नागपूरची, त्यामुळे कोरडे ऊन, वाळ्याच्या ताट्या आणि खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर घरघरणारा कूलर हे सारे माझ्या परिचयाचे आहे. कूलरचे तंत्र साधे असते. ओल्या गवतातून किंवा जाळीतून हवा ओढली की पाण्याची वाफ होते आणि त्यात हवेतली उष्णता खर्ची पडते. मे महिन्याच्या कोरड्या हवेत तो उत्तम चालतो, पण जूनअखेर हवेत दमटपणा आला की त्याच कूलरने अंथरूण दमट होते आणि घाम काही वाळत नाही. शिवाय त्याला पाणी लागते. जून २०२४ मध्ये दिल्लीच्या कित्येक वस्त्यांत टँकरमागे हंडे, पाइप आणि कॅन घेऊन माणसे धावत होती. असे मिळवलेले पाणी कूलरमध्ये ओतायचे की उद्याच्या आंघोळीला ठेवायचे, हा निर्णय घरातल्या बाईला रोज संध्याकाळी घ्यावा लागत होता.

कूलरला आणखी एक गोष्ट लागते, ती म्हणजे बाहेरची हवा आत येण्यासाठी खिडकी आणि आतली हवा बाहेर जाण्यासाठी दुसरी वाट. अनधिकृत वसाहतींत पन्नास चौरस गजांच्या भूखंडावर तीन बाजूंनी शेजाऱ्यांच्या भिंती असतात आणि उघडी बाजू एकच, गल्लीची. गल्ली इतकी अरुंद असते की समोरच्या घरातले बोलणे ऐकू येते. त्याच गल्लीत वरच्या मजल्यांच्या एसीची बाहेरची यंत्रे टांगलेली असतात आणि खोल्यांतून काढलेली उष्णता ती खाली सोडत असतात. तळमजल्यावरचा कूलर नेमकी तीच हवा आत ओढतो. एका घराचा गारवा दुसऱ्या घरात उकाडा होऊन शिरतो, आणि इमारतीचा नकाशा मंजूर करताना ही यंत्रे कुठे बसतील आणि त्यांची हवा कुठे जाईल, याची चौकशी क्वचितच होते. जून २०२४ मध्ये एका रात्री किमान तापमानच ३५.२ अंश होते. रात्रही अशी तापली की दिवसभर राबलेल्या शरीराला सावरायला वेळच मिळत नाही, आणि उष्माघाताचा धोका तिथेच वाढत जातो.

पूर्वी अशा रात्रींवर दिल्लीकरांकडे गच्ची हा उपाय होता. संध्याकाळी गच्चीवर पाणी शिंपडायचे, चारपाया टाकायच्या आणि वाऱ्यावर झोपायचे. गच्चीवरच्या एकट्या खोलीला इथे ‘बरसाती’ म्हणत. अचानक पाऊस आला की अंथरूण उचलून तिच्यात शिरायचे, एवढाच तिचा मूळ उपयोग होता. पुढे जुने बंगले पाडून ‘बिल्डर फ्लोअर’ उभे राहिले, म्हणजे खाली खांबांवर गाड्या आणि वर चार मजले, चार मालक. घरांच्या जाहिरातींत तेव्हापासून ‘रूफ राइट्स’ हे शब्द दिसू लागले. गच्चीचा हक्क बहुधा सर्वांत वरच्या मजल्यासोबत विकला जातो आणि खालच्या मजल्यांना आपली पाण्याची टाकी तपासायला जाण्यापुरतीच मुभा उरते. गच्चीच्या दाराला लागलेले कुलूप आणि किल्लीसाठी खालून मारलेली हाक हे दृश्य मी दक्षिण दिल्लीतल्या चांगल्या सुस्थितीतल्या इमारतींतही पाहिले आहे. रात्री झोपण्याची सोय अशी विक्रीची वस्तू झाली, आणि त्यावर कुठे फारशी चर्चा झाल्याचे माझ्या पाहण्यात नाही. मला मात्र दिल्लीच्या उन्हाळ्याच्या गोष्टीतला हाच सर्वांत दुःखद भाग वाटतो.

घराबाहेर बस थांब्याकडे पाहावे. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या सुमारास दिल्लीत स्टेनलेस स्टीलचे चकचकीत थांबे बसवले गेले. ते गंजत नाहीत आणि छायाचित्रांत सुंदर दिसतात. पण मे महिन्यात दुपारी दोन वाजता त्यांच्या बाकावर हात ठेवून पाहावा. स्टील उष्णता लगेच हातात उतरवते, त्यामुळे म्हातारी माणसे बाकावर आधी पिशवी किंवा ओढणी ठेवतात आणि मग टेकतात. छप्पर अरुंद आहे आणि सूर्य पश्चिमेला कलला की त्याची सावली थांब्यामागच्या पदपथावर किंवा भिंतीवर पडते. बसची वाट पाहणारे लोक त्या सावलीच्या मागे सरकत जातात आणि बस आली की धावत पुढे येतात. २०१९ पासून स्त्रियांना बसप्रवास मोफत झाल्याने या थांब्यांवर त्यांची गर्दी वाढली, आणि ते स्वागतार्हच आहे. तिकीट माफ करणाऱ्या शासनाने त्यांच्या डोक्यावर सावलीही धरायला हवी होती.

हे या शहराला जमत नाही, असे कुणी म्हणू नये. कॅनॉट प्लेस ही वर्तुळाकार बाजारपेठ १९३३ च्या सुमारास पूर्ण झाली. वास्तुकार रॉबर्ट टॉर रसेल यांच्या त्या आराखड्यात दुकानांपुढे खांबांचा सलग व्हरांडा आहे. दुकाने खासगी, पण व्हरांड्यातून चालण्यासाठी कुणाला काही विकत घ्यावे लागत नाही, आणि रस्ते ओलांडण्यापुरते ऊन सोडले तर वर्तुळाचा मोठा भाग सावलीतून फिरता येतो. लोधी रोडवरचे इंडिया हॅबिटॅट सेंटर तर अलीकडचे, १९९३ चे. जोसेफ स्टाइन यांनी तिथे इमारतींच्या मधल्या चौकांवर ऊन अडवणाऱ्या पट्ट्या उंचावर बसवल्या. प्रकाश येतो, वारा खेळतो आणि दुपारीही माणसे अंगणात बसलेली दिसतात. या उलट गुरुग्रामपर्यंत पसरलेल्या काचेच्या इमारती ऊन आत घेतात, मग ते बाहेर काढायला वीज जाळतात आणि समोरच्या पदपथाला उष्णतेखेरीज काहीच देत नाहीत. थंड देशांत काच सूर्याची ऊब आत घेण्यासाठी उपयोगी पडते. इथे ती कशासाठी, याचे समाधानकारक उत्तर मला आजवर कुणी दिलेले नाही.

व्हरांडा पावसातही कामाला येतो, आणि दिल्लीचा पाऊसही आता एकदम कोसळतो. २८ जून २०२४ च्या सकाळपर्यंतच्या चोवीस तासांत सफदरजंगला २२८.१ मिलिमीटर पाऊस झाला. जेमतेम दहा दिवसांपूर्वी टँकरमागे धावणारे शहर बुडाले, आणि नेहमी पाणी साचणाऱ्या मिंटो ब्रिजखाली पुन्हा वाहन अडकले. पावसाच्या पाण्याच्या निचऱ्याचा सर्वंकष आराखडा १९७६ चा होता, हे कळल्यावर त्याचे आश्चर्य उरत नाही.

उन्हाळ्यात बांधकाम मजुरांना दुपारी १२ ते ३ पगारी विश्रांती देण्याचे आदेश २०२४ मध्ये निघाले. आदेश योग्यच होते, पण मजुराने ते तीन तास कुठे बसून काढायचे, हा प्रश्न उरतोच, आणि मोटारसायकलवरून जेवण पोचवणाऱ्या मुलाला तर ती विश्रांतीही नाही. अहमदाबादने २०१३ मध्येच उष्णतेचा कृती आराखडा करून इशारे, दवाखान्यांची तयारी आणि पुढे छपरांना पांढरा रंग यांची सांगड घातली. दिल्लीतही पांढऱ्या छपरांची भाषा सुरू झाली आहे. माझे म्हणणे असे की हे उपाय सूचनापत्रांतून काढून बांधकाम नियमांत घालावेत. मोठ्या रस्त्याकडेच्या प्रत्येक नव्या व्यावसायिक इमारतीला पदपथावर सलग छाया देणे बंधनकारक असावे, एसीची यंत्रे गल्लीत टांगण्याऐवजी गच्चीवर बसवण्याची जागा नकाशातच दाखवावी लागावी, आणि बहुमजली घरांत गच्चीचा निदान अर्धा भाग सर्व मजल्यांच्या सामायिक मालकीचा ठेवल्याशिवाय विक्रीची नोंदणी होऊ नये. यातल्या शेवटच्या मागणीला बिल्डर आणि वरच्या मजल्याचे मालक कडाडून विरोध करतील, हे मला ठाऊक आहे, तरीही सुरुवात तिथूनच व्हावी असे माझे मत आहे.