कॉरिंथ पडले, तरी ग्रीक संघांची नाणी थांबली नाहीत

‘इ.स.पू. 146 मध्ये रोमन सेनापती लुसियस मम्मियसने ग्रीसमधील कॉरिंथ नगर उद्ध्वस्त केले, त्याबरोबर रोमने ग्रीक नगरसंघांच्या टांकसाळी बंद पाडल्या आणि ग्रीसवर आपले दिनारियस हे चांदीचे नाणे लादले’, असे विधान समाजमाध्यमांवर सतत फिरत असते. कॉरिंथचा विध्वंस झाला हे खरेच आहे. पुढच्या दोन्ही गोष्टी मात्र पुराव्यावर टिकत नाहीत.

टांकसाळींचा मुद्दा आधी घेऊ. दक्षिण ग्रीसमधील नगरांच्या अकियन संघाचे चांदीचे अर्ध-द्राख्मा नाणे (द्राख्मा हे ग्रीक चलनाचे एकक) जेमतेम अडीच ग्रॅमांचे असते. त्याच्या एका बाजूला झ्यूसचे मस्तक, तर दुसऱ्या बाजूला पानांच्या वेढ्यात संघाच्या नावाची गुंफलेली आद्याक्षरे असतात, आणि भोवतीच्या बारीक खुणांवरून ते कोणत्या नगराने पाडले हे ओळखता येते. वर्ष मात्र त्यावर कुठेही नसते. संघ 146 मध्ये संपला असे धरून जुन्या अभ्यासकांनी ही सारी नाणी त्याआधीची ठरवली; आता त्याच कालनिर्णयाच्या आधारे 146 नंतर नाणी पाडलीच गेली नाहीत असे सांगितले जाते. जे सिद्ध करायचे तेच येथे गृहीत धरले आहे. पुरून ठेवलेल्या साठ्यांचा आणि शैलीचा नव्याने विचार करणारे अभ्यासक यांतील बरीच नाणी 146 नंतरची मानतात, आणि त्यावर अजून वाद चालू आहे. शिवाय, काही वर्षांतच रोमने संघांच्या सभा पुन्हा सुरू होऊ दिल्या, असे प्राचीन ग्रीक प्रवासवर्णनकार पॉसेनियस स्वतः नोंदवतो.

सगळ्या संघांशी रोम एकाच रीतीने वागला, हेही खरे नाही. उत्तर ग्रीसमधील थेसलीचा संघ इ.स.पू. 196 नंतर रोमन सेनापती फ्लामिनिनसच्या पुढाकाराने नव्याने उभा राहिला आणि झ्यूस व अथेना यांची छाप असलेले स्टेटर हे चांदीचे नाणे पाडू लागला. आशिया मायनरच्या (आजच्या तुर्कस्तानच्या) नैर्ऋत्येकडील लिशियाला तर 167 मध्ये रोमनेच ऱ्होड्सच्या ताब्यातून मोकळे केले. त्या संघाचे द्राख्मा थेट पहिला रोमन सम्राट ऑगस्टस याच्या काळापर्यंत चालू राहिले, आणि शेवटी त्यांवर ऑगस्टसचे मस्तकही आले.

दिनारियस लादल्याचे म्हणणे सर्वांत दुबळे आहे. इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस डेल्फीच्या मंदिराची देखरेख करणाऱ्या, अनेक ग्रीक समूहांच्या अँफिक्टिओनी मंडळाने ठराव केला तो अथेन्सच्या चार द्राख्मांच्या नाण्याबद्दल: ते सर्व ग्रीकांनी चार द्राख्मांनाच स्वीकारावे. थेसलीतील दास-मुक्तीचे शिलालेख तर आणखी बोलके आहेत. मुक्त झालेल्या दासाने नगराला द्यायचे शुल्क 15 स्टेटर होते, आणि ऑगस्टसच्या नव्या नियमानुसार ते साडेबावीस दिनारियस असे मांडले जाऊ लागले. म्हणजे कॉरिंथ पडून शंभराहून अधिक वर्षे लोटल्यावरही तिथला अधिकृत हिशेब स्टेटरमध्येच चालत होता, म्हणूनच असा दर ठरवून द्यावा लागला.