मॉरिशसचं कौतुक ठीक, पण त्याच्याच रॉड्रिग्ज बेटाचं काय?
तुमच्या लेखात मॉरिशसला छोट्या देशांचा आदर्श म्हटलंय, ते बऱ्यापैकी पटलं. १९६८ ला स्वातंत्र्य मिळालं तेव्हा उसाशिवाय हातात फारसं काही नव्हतं, पुढे नोबेल मिळालेले अर्थतज्ज्ञ जेम्स मीडसुद्धा या बेटाबद्दल निराशच होते, तरी १९७० मध्ये एक्स्पोर्ट झोनचा (निर्यातीसाठी माल बनवणाऱ्या कारखान्यांना सवलती देण्याचा) कायदा करून कपड्यांच्या फॅक्टऱ्या आणल्या आणि हजारो बायकांच्या हाताला काम मिळालं. पण युरोपच्या साखर कराराचा यात केवढा वाटा होता ते लेखात यायलाच हवं होतं. त्या करारामुळे जागतिक बाजारापेक्षा बहुतेक वर्षं चढ्या दराने युरोपला साखर जायची, त्यातलाच पैसा फॅक्टऱ्या नि हॉटेलांत फिरला. आज कुठल्या छोट्या देशाला अशी सोय मिळणारे?

आणि रॉड्रिग्जचा तर उल्लेखच नाही! मुख्य बेटापासून ५५०-६०० किमी लांब, २००२ पासून स्वतःची असेंब्ली आहे, पण पाण्याची बोंब, धावपट्टी छोटी, बहुतेक सामान बोटीने येणार म्हणून महाग आणि पोरं कामासाठी मुख्य बेटावर. तिथे एक काम मात्र फार चांगलं झालं. ओहोटीला उथळ पाण्यात चालत जाऊन टोकदार सळईने ऑक्टोपस पकडणाऱ्या बायका आहेत, २०१२ पासून काही आठवडे ही मासेमारी बंद ठेवतात, तेवढ्या काळात त्यांना दुसरं काम देतात, आणि बंदी उठली की मोठा, वजनदार माल मिळतो. स्थानिक लोकांना धरून केलेलं असं धोरण मला एक्स्पोर्ट झोनइतकंच महत्त्वाचं वाटतं. पुढच्या भागात रॉड्रिग्जचे आकडे वेगळे काढून द्याच, देशाच्या सरासरीत ते बेट दिसतच नाही.