बुडबुड्याची साक्ष

घराच्या भिंती उभ्या असतात, एवढे ज्ञान आजवर माझ्या संसाराला पुरले होते. त्या सरळ उभ्या असतात का, छत जमिनीला समांतर असते का आणि दोन भिंती जिथे भेटतात तिथला कोन खरोखरच काटकोन असतो का, असले प्रश्न ज्याला पडतात तो मनुष्य एक तर गवंडी असतो किंवा त्याने स्वतःच्या हाताने भिंतीवर फळी बसवायला घेतलेली असते. मी दुसऱ्या वर्गातला. पुस्तकांसाठी मीटरभर लांबीची एक फळी, तिच्याखाली दोन ब्रॅकेट आणि काही स्क्रू, एवढाच माझा संकल्प होता. हे काम मी स्वतः करणार, असे जाहीर केल्यावर घरात जी शांतता पसरली, ती आदराची आहे असे मी गृहीत धरले.

माझी तयारी कागदावर तरी चोख होती. मीटरभर पुस्तकांचे वजन सहज वीस किलोंच्या वर जाते, हे मी आधीच पाहून ठेवले होते. दोन आधारांमधले अंतर दुप्पट केले आणि पुस्तके त्याच दाटीने भरली, तर फळीचा मधला झोळ दुप्पट नव्हे, सोळापट होतो, हेही मला ठाऊक होते. म्हणून ब्रॅकेट अगदी टोकांना न लावता दोन्ही बाजूंनी लांबीच्या साधारण पाचव्या हिश्श्याइतके आत घ्यायचे, म्हणजे मधला भाग आणि टोके मिळून वाकण्याचे दुःख वाटून घेतात. हे सर्व मी पत्नीला आकृती काढून समजावले. तिने आकृती लक्षपूर्वक पाहिली आणि विचारले, “फळी कुठल्या रंगाची आहे?”

हत्यारांमध्ये रुबाब ड्रिल यंत्राचा असतो, पण घराची खरी उलथापालथ करते ती पाणसळ. कारागीर तिला नुसते लेव्हल म्हणतात. दिसायला ती निरुपद्रवी पट्टी असते. तिच्यात किंचित बाकदार नळी, नळीत रंगवलेले अल्कोहोल आणि अल्कोहोलात एक बुडबुडा. हा बुडबुडा नळीच्या सर्वांत उंच बिंदूकडे धावतो आणि तो दोन रेघांच्या बरोबर मध्ये थांबला की पट्टी क्षितिजाला समांतर आहे असे समजायचे. मेल्शिसेदेक तेवेनो नावाच्या फ्रेंच गृहस्थाने १६६१ च्या सुमारास हे साधन तयार केले. पाण्याऐवजी अल्कोहोल वापरण्यामागे शास्त्र आहे: ते थंडीत सहजासहजी गोठत नाही आणि पाण्यापेक्षा त्यात बुडबुडा सुळकन सरकतो. चांगली पाणसळ एका मीटरमध्ये अर्ध्या मिलिमीटरचा फरकही दाखवते. कुटुंबातल्या कोणत्याही वस्तूकडे किंवा व्यक्तीकडे इतक्या बारकाईने पाहिल्यास काय होते, याचा अनुभव ज्यांना आहे त्यांना पुढची गोष्ट सांगण्याची गरज नाही, तरी सांगतो.

पाणसळ घेतल्यावर आधी तिचीच परीक्षा करायची असते. ती एका सपाट जागी ठेवून बुडबुडा कुठे आहे ते पाहायचे, मग तिची टोके उलटसुलट करून त्याच जागी पुन्हा ठेवायची. दोन्ही वेळा बुडबुड्याने तीच साक्ष दिली तर पाणसळ खरी, नाही तर तिचे बोलणे मनावर घ्यायचे नाही. माझी पाणसळ या परीक्षेत निर्दोष ठरली आणि तिथूनच घराचे दोष सुरू झाले. जेवणाचे टेबल एका कोपऱ्याकडे झुकलेले निघाले. खिडकीचा कट्टा आत उतरत होता, म्हणजे पावसाला घरात येण्याचे जणू रीतसर आमंत्रण होते. दाराची चौकट एका बाजूने ओळंब्यात, म्हणजे अगदी सरळ उभी होती आणि दुसऱ्या बाजूने स्वतःच्या मतानुसार उभी होती. ते दार आपोआप अर्धवट उघडून का राहते, याचा उलगडा मला इतक्या वर्षांनी झाला. स्नानगृहाची फरशी पाणी वाहून जावे म्हणून जाळीकडे उतरती असायला हवी, पण संपूर्ण घरात बुडबुडा जर कुठे अगदी मधोमध स्थिर राहिला असेल, तर तो तिथे. मी पाणसळ घेऊन या खोलीतून त्या खोलीत फिरत होतो आणि प्रत्येक ठिकाणचा निकाल मोठ्याने सांगत होतो. थोड्या वेळाने घरातल्या मंडळींनी मी ज्या खोलीत असेन ती सोडून दुसरीकडे बसायला सुरुवात केली.

अखेर भिंतीवर पेन्सिलीने रेघ आखली. ती रेघ इतकी सरळ होती की तिला भोके पाडून विद्रूप करणे जिवावर आले. तरीही यंत्र उचलले. हाताच्या ड्रिलला पिस्तुलासारखी मूठ आणि बोटाखाली घोडा असतो. ब्लॅक अँड डेकर कंपनीने या रचनेचे पेटंट १९१७ साली मिळवले होते. माझ्यासारख्या शांतताप्रिय माणसाच्याही चेहऱ्यावर ते यंत्र हाती येताच जो निर्धार उमटतो, त्याचे मूळ त्या आकारात असावे. मात्र घोडा दाबण्याआधी भिंतीच्या पोटात काय दडले आहे याचा विचार करावा लागतो. विजेच्या तारा बहुधा बटणाच्या फळ्यापासून सरळ वर, सरळ खाली किंवा आडव्या जातात. त्यामुळे बटणांच्या थेट रेषेत भोक पाडायचे नसते आणि शंका असल्यास मुख्य स्विच बंद करावा असे सांगतात. मुख्य स्विच बंद केला तर ड्रिल चालत नाही, ही अडचण बॅटरीवरचे ड्रिल नसलेल्या प्रत्येकाला आयुष्यात एकदा तरी सुचते.

भिंत भोक पाडून घेताना मनातले एकेक थर उघड करते. आधी रंग, मग लांबीची, म्हणजे रंगाआधी भिंतीला लावलेल्या पुट्टीची, पांढरी भुकटी, मग गिलाव्याची करडी धूळ. आतल्या भिंतीचा गिलावा साधारण १२ ते १५ मिलिमीटर जाड असतो आणि इथपर्यंत ड्रिलचे टोक, म्हणजे बिट, इतके सहज जाते की आपण या कामासाठीच जन्माला आलो, असे वाटू लागते. त्यानंतर धूळ विटकरी झाली तर वीट लागली म्हणून आनंद मानायचा, कारण गिट्टीला, म्हणजे स्क्रू धरून ठेवायला भोकात ठोकतात त्या छोट्या नळकांड्याला, खरी पकड विटेत मिळते. ती नुसत्या गिलाव्यात बसवली तर पुस्तकांसकट फळी आणि फळीसकट गिलावा खाली येण्याची शक्यता असते. मात्र दोन विटांच्या मधला सांधा लागला तर बिट त्या मऊ वाटेने हळूच घसरते. मग भोक पडते, पण पेन्सिलीने जिथे खूण केली होती तिथे नव्हे, तर त्या भिंतीला सोयीच्या वाटणाऱ्या ठिकाणी. ब्रॅकेटची भोके लांबट का ठेवतात, हे मला त्या क्षणी उमगले. कारखान्यात कोणीतरी दूरदर्शी मनुष्य बसलेला आहे आणि त्याने घरोघरच्या भिंती पाहिलेल्या आहेत.

गिट्टी या क्षुद्र दिसणाऱ्या वस्तूविषयी माझा आदर या प्रकरणात फार वाढला. पूर्वी भिंतीत चौकोनी खोबण खोदून तिच्यात लाकडाचा तुकडा ठोकत आणि त्यात स्क्रू पिळत. ब्रिटिश म्युझियमच्या भिंतींची नासधूस न करता तिथे विजेची उपकरणे बसवायची होती, तेव्हा जॉन जोसेफ रॉलिंग्स यांनी १९११ च्या सुमारास तागाच्या तंतूंची गिट्टी बनवली. पुढे १९५८ साली जर्मनीच्या आर्टुर फिशर यांनी नायलॉनची, स्क्रू आत शिरताच फुगून भोकाच्या कडांना घट्ट धरणारी गिट्टी आणली. या फिशर यांच्या नावावर अकराशेहून अधिक पेटंटे होती. इतक्या बुद्धिमान माणसाला भिंतीत स्क्रू टिकावा म्हणून डोके चालवावे लागले, ही गोष्ट मी घरात वारंवार सांगितली. तिचा अपेक्षित परिणाम झाला नाही.

ब्रॅकेट बसले, फळी त्यांवर आली आणि एक नवा प्रकार लक्षात आला. भिंत ओळंब्यात नव्हती. वरच्या बाजूला ती खोलीत किंचित डोकावत होती. त्यामुळे फळीची पुढची कड खाली झुकली आणि तिच्यावर ठेवलेली पेन्सिल न ढकलता पुढे येऊन जमिनीवर पडली. याला उपाय पाचरीचा. ब्रॅकेटच्या खालच्या टोकामागे जाड पुठ्ठ्याच्या पातळ पट्ट्या सारत गेलो, एक घाल, दोन काढ, पुन्हा एक घाल, असे करता करता शेवटी दोन्ही दिशांनी बुडबुडा मधोमध आला. मी चार पावले मागे जाऊन पाहिले. त्या संपूर्ण वास्तूत पृथ्वीशी प्रामाणिक असलेली ती एकमेव फळी होती.

पत्नी आत आली. तिने फळीकडे पाहिले, मग माझ्याकडे आणि मग पुन्हा फळीकडे. “अहो, डावीकडे उतरली आहे,” ती म्हणाली.

मी काही न बोलता पाणसळ फळीवर ठेवली. बुडबुडा मध्ये होता. तिने बुडबुड्याकडे पाहिलेही नाही. “बुडबुड्याचे राहू दे. तुम्ही दारातून पाहा.” मी दारातून पाहिले आणि पोटात गोळा आला, कारण फळी डावीकडे उतरलेलीच दिसत होती. शिडीवर चढून मोजले तेव्हा उलगडा झाला: छत उजवीकडे उतरत होते, फळीच्या एवढ्याशा लांबीत जवळजवळ एक सेंटिमीटर. फळी आणि छत यांच्यामधली जागा डावीकडे जास्त आणि उजवीकडे कमी. डोळ्याला वाकड्या छताची आजवर सवय झालेली. त्यामुळे त्याच्या लेखी छत सरळ आणि नवी आलेली फळी वाकडी.

या विषयावर आमच्या घरात जो वाद झाला, तो वस्तुतः फार जुना आहे. सॉलोमन ॲश आणि हर्मन विटकिन या मानसशास्त्रज्ञांनी १९४८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत माणसांना तिरप्या चौकटीच्या आतली काठी उभी करायला सांगितले होते, आणि बऱ्याच जणांनी ती चौकटीच्या कलाने तिरपी उभी केली. त्याच्याही कितीतरी आधी रोमन स्थपती व्हिट्रुव्हिअस बजावून गेला होता की मंदिराचा चौथरा अगदी सपाट बांधला तर तो डोळ्याला मध्ये खोलगट दिसतो, म्हणून मध्ये किंचित उंची द्यावी. पहिला दाखला मी माझ्या बाजूने मांडला, कारण त्यातून डोळा फसतो हे सिद्ध होते. दुसरा दाखला मांडल्यावर माझ्या ध्यानात आले की तो तिच्या बाजूचा आहे. तिच्याही ते ध्यानात आले.

त्याच सुमारास शेजारच्या घरी एक अनुभवी सुतार कामाला आले होते. त्यांना मी केवळ मत देण्यासाठी बोलावले. त्यांनी पाणसळ मागितली नाही, शिडी मागितली नाही, उंबऱ्यावर उभे राहून एक डोळा बारीक केला आणि म्हणाले, “साहेब, फळी घराला लावायची असते, पृथ्वीला नाही.” पत्नीने त्यांना चहा विचारला. मला कोणी विचारला नाही.

फळी काढून छताच्या कलाने लावावी, हे त्यांचे मत होते; मी बुडबुड्याला असा उघड दगा द्यायला तयार नव्हतो. तेव्हा अर्धा सेंटिमीटर मी सोडायचा आणि अर्धा तिने, असा तह झाला. बोलताना तो सोपा वाटला. पण सहा मिलिमीटरचे जे भोक आधीच पडलेले आहे, त्याच्यापासून पाच मिलिमीटरवर दुसरे पाडता येत नाही. दोन्ही मिळून एक लांबट विवर होते आणि गिट्टी त्यात सैल फिरत राहते. म्हणून सगळी फळीच वर सरकवावी लागली, नवी भोके, नवी धूळ, पुन्हा ती पुठ्ठ्याची आराधना. जुन्या भोकांत लांबी भरली, वाळल्यावर पॉलिशपेपरने घासली आणि त्याच छटेचा रंग लावला. तो त्याच छटेचा होता, यात शंका नाही. पण भिंत मधल्या काळात फिकी झाली होती, त्यामुळे जिथे आधी बारीक भोके होती तिथे आता स्वच्छ, टवटवीत ठिपके उठून दिसू लागले. जाणकार सांगतात की असा तुकडा रंगवायचाच नसतो; एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत अख्खी भिंत रंगवायची. एक भिंत नवी झाली की शेजारच्या तीन भिंती कशा दिसतील, याचा विचार आम्ही दोघांनीही एकाच वेळी केला असावा, कारण त्या प्रस्तावावर घरात कोणी काही बोलले नाही.

तहाप्रमाणे लावलेली फळी आता दोन्ही पक्षांना वाकडी दिसते. मी पाणसळ ठेवली की बुडबुडा एका बाजूला सरकतो, आणि तिने दारातून पाहिले की डावे टोक खाली वाटते. दोघांचीही तक्रार सारख्याच मापाची असल्याने वाद मिटला आहे. फळीवर पुस्तके दाटीने बसली आहेत आणि पेन्सिल ठेवण्यास मनाई आहे. रंगाचे ते ठिपके झाकण्यासाठी फळीखाली एकच खिळा ठोकून त्यावर कॅलेंडर टांगले, तर ते एका खिळ्यावर लोंबत असल्यामुळे तंतोतंत ओळंब्यात राहते, म्हणजेच फळीच्या शेजारी स्पष्ट तिरपे दिसते. पत्नी येता जाता त्याची खालची कड सरकवून ते सरळ करते. तिची पाठ वळली की ते पुन्हा माझ्या बाजूला येते.