हेडफोन विकताय की यूज अँड थ्रो पेन?

परत मोडला हेडफोन. पडला नाही, कोणी त्याच्यावर बसलं नाही, ठाणे स्टेशनला नऊ नंबरवर वाशी लोकलची वाट बघत उभा होतो, गळ्यातला काढून कानावर चढवला आणि कट्कन आवाज, उजवा कप हातात! आत बघितलं तर जिथे सगळा ताण येतो त्या सांध्यालाच नखाएवढं पातळ प्लास्टिक. सात हजार घेतात राव याचे. बॉक्सवर नॉइज कॅन्सलेशन, अ‍ॅप, चाळीस तास बॅटरी सगळं ठळक छापलंय, आणि जो भाग रोज वाकणार तिथे लोखंडाची एक पट्टी घालवत नाही यांना.

सर्व्हिस सेंटरला गेलो तर म्हणे फिजिकल डॅमेज, वॉरंटीत बसत नाही. बरं पैसे घ्या, पार्ट द्या. पार्ट येतच नाही, नवीन घ्या, कूपन देतो! अरे बॅटरी चांगली, आवाज चांगला, एका बिजागरीसाठी अख्खा हेडफोन कचऱ्यात टाकू? नौपाड्यातला मोबाईल रिपेअरवाला म्हणाला दादा फेव्हिक्विक मारून देतो पण गॅरंटी नाही. त्याचं तरी काय चुकलं, पार्ट मिळाला असता तर त्याने तिथेच बसवून दिला असता.

आणि बिजागरी टिकली असती तरी काय, लिथियमची बॅटरी काहीशे चार्जिंगनंतर उतरतेच, इअरबडमध्ये तर ती एवढीशी आणि डबीत गोंदाने चिकटवलेली, म्हणजे घेतानाच तिचं मरण ठरलेलं. युरोपने कायदा केलाय, १८ फेब्रुवारी २०२७ पासून बहुतेक वस्तूंची बॅटरी गिऱ्हाइकाला स्वतः काढून बदलता आली पाहिजे. आपल्याकडे कोण विचारतंय?

सेनहायझरचा वायरवाला हेडफोन एचडी २५ बघा, १९८८ चा. वायर, कुशन, पट्टा, स्पीकरसुद्धा सुटा मिळतो, आजही. सोनीचा एमडीआर-७५०६, तोही वायरवालाच, आला १९९१ ला, अजून स्टुडिओत वापरतात लोक. म्हणजे टिकाऊ बनवता येत नाही असं नाहीये, यांना बनवायचंच नाहीये! वायरवाल्यात बॅटरी नाही, पेअरिंग नाही, आवाज मागे पडत नाही. ब्लूटूथवर ऑफिसचा कॉल आला आणि माइक चालू झाला की बहुतेक हेडफोनचा आवाज एकदम जुन्या लँडलाइनचा होतो, मीटिंगमध्ये कोण काय बोलतंय निम्मं कळत नाही. वायर तुटते, मान्य. पण टू-पिनवाल्या, म्हणजे वायर सुटी होणाऱ्या इअरफोनची वायर काढून दुसरी लावली की झालं, आणि नुसता जॅक गेला असेल तर सोल्डरिंग येणारा कोणीही नवीन लावून देतो. गर्दीत अडकते म्हणतात, मग शर्टाच्या आतून घ्या ना, ऐरोलीपर्यंत चेंगरत जाताना एक बड रुळावर पडण्यापेक्षा ते परवडलं.

पण वायरवाला घ्यायचा तर लावायचा कुठे? २०१६ मध्ये अ‍ॅपलने आयफोन ७ चा हेडफोन जॅक काढला, तेव्हा बाकीच्या कंपन्या हसल्या आणि मग एकेक करून बहुतेकांनी तेच केलं. आता चार्जिंगच्या भोकात हेडफोन लावायचं डोंगल घ्या, ते बॅगेत शोधा, त्याची बोटभर वायर सांध्यापाशी तुटणार, आणि लावलं की चार्जिंग बंद. चांगली चालणारी ३.५ एमएम जॅकची सोय काढून घेतली आणि वर त्याच कंपन्या आपल्याला इअरबड विकतायत, डोकं फिरणार नाही तर काय!

आता वायरवालाच घेणार, पार्ट सुटे मिळतात का ते आधी विचारून. आणि पुढचा फोन जॅकवालाच, कॅमेरा थोडा कमी चालेल.