‘दिग्दर्शकाच्या मनातही नसेल’ या आक्षेपाबद्दल

भयपटांच्या अर्थांवरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: भयपट घाबरवण्यासाठी असतो, दिग्दर्शकाच्या मनातही नसलेले अर्थ मी त्याला चिकटवते, आणि असं करत गेलं तर कशातूनही काहीही काढता येईल.

‘काहीही काढता येईल’ ही भीती खरी आहे. स्टॅन्ली कुब्रिकच्या ‘द शायनिंग’ (१९८०) या भयपटातली हॉटेलची २३७ क्रमांकाची खोली घ्या. मूळ कादंबरीत ती २१७ आहे. मग आकडा का बदलला? काहींनी उत्तर काढलं की चंद्र २,३७,००० मैलांवर आहे, म्हणजे चांद्रमोहिमेचं बनावट चित्रण केल्याची ही कुब्रिकची छुपी कबुली. (सरासरी अंतर २,३९,००० मैलांच्या आसपास आहे.) खरं कारण साधं होतं. ज्या हॉटेलचं बाहेरून चित्रण झालं, त्यांना वाटलं की सिनेमा पाहून २१७मध्ये कुणी उतरणार नाही. म्हणून तिथे नसलेला क्रमांक घेतला. पण कुब्रिकच्या मनात चंद्र असता, तरी हा अर्थ मला फुटकळच वाटला असता. तो कळल्यावर बापाच्या हातातली कुऱ्हाड आणि मुलाची भीती जिथल्या तिथेच राहते. कोडं सुटतं, सिनेमा हलत नाही.

मनात नव्हतं म्हणून अर्थच नाही, हे मात्र मला पटत नाही. ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ (१९६८) या, उठून माणसांवर चालून येणाऱ्या प्रेतांच्या सिनेमाचा नायक बेन कृष्णवर्णीय असावा असं पटकथेत नव्हतं. ड्वेन जोन्सची चाचणी सर्वांत चांगली झाली म्हणून त्याला घेतलं, असं दिग्दर्शक जॉर्ज रोमेरो सांगत असे. संवादांत त्याच्या वर्णाचा उल्लेखही नाही. सिनेमा तयार झाला, प्रिंट गाडीत टाकून ही मंडळी न्यूयॉर्कला निघाली आणि वाटेत रेडिओवर मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येची बातमी लागली. ४ एप्रिल १९६८. ऑक्टोबरमध्ये प्रेक्षकांनी काय पाहिलं? रात्रभर प्रेतांशी झुंजून वाचलेला बेन सकाळी खिडकीशी येतो आणि बंदूकधारी गोरे लोक त्याला प्रेत समजून कपाळात गोळी घालतात. पुढे चित्र हलायचं थांबतं. वर्तमानपत्रातल्यासारखी खरबरीत स्थिरछायाचित्रं, हातात लोखंडी आकडे घेतलेली माणसं, चितेवर बेन. जमावाने ठार मारलेल्या कृष्णवर्णीयांचे फोटो ज्या देशाने पाहिले होते, त्याला हे वेगळं समजावून सांगायची गरज नव्हती.

आणि इथे घाबरवणं व अर्थ वेगळे काढताच येत नाहीत. दीड तास आपण मेलेल्यांना भ्यालो. मारतात ते जिवंत, तेही नीट न बघता. ती भीती सोबत घरी येते.

‘गेट आउट’मध्ये (२०१७) खुर्चीच्या हातातला कापूस कानांत कोंबून कृष्णवर्णीय नायक संमोहनातून वाचतो. ज्यांच्या पूर्वजांकडून गुलामीत कापूस वेचून घेतला, त्यांच्यातल्या एकाला कापूसच वाचवतो. इथे दिग्दर्शकाचा हेतू होता. पण प्रसंग चालतो तो कथेलाच त्या कापसाची गरज आहे म्हणून.

लेखातल्या, भयपटांतल्या आरशांवरच्या माझ्या परिच्छेदाबद्दल मात्र तुमचं बरोबर आहे. प्रत्येक आरसा म्हणजे दुभंगलेलं मन, हे मी आळसाने लिहिलं. कित्येकदा आरसा असतो तो मागे कुणीतरी उभं दिसावं एवढ्यासाठीच. तो परिच्छेद काढते.

तुम्ही लिहिलंय की रोमेरोच्या सिनेमात तुम्हाला ‘काही अर्थबिर्थ’ दिसला नाही, फक्त शेवटाचा संताप आला. तो संताप कुणाचा आला, हे मला खरंच जाणून घ्यायचंय.