गुरुजी गेले आणि आता सगळ्यांना पुळका आलाय

गावच्या ग्रुपवर सकाळपासून नुसते जोडलेले हात आणि दिवे. गुरुजी गेले. त्याचं दुःख आहेच, पण दुपारून एका महाशयांनी जे टाकलं ना, "असे गुरुजी आता होणे नाही, आताच्या मास्तरांना फक्त पगार कळतो", ते वाचून डोकंच सरकलं. हेच महाशय पानठेल्यावर बसून गुरुजींना "फुकटचा पगार खाते" म्हणायचे, निम्म्या गावानं ऐकलंय. नाव घेत नाही, वयानं मोठे आहेत.

मला गुरुजी आठवतात ते पऱ्हाटीत. मी पाचवीत होते. कापूस फुटला की वर्गातल्या अर्ध्या पोरी वावरात, वेचणी किलोवर, जितके हात तितके पैसे. नवोदयच्या, म्हणजे सरकारच्या निवासी शाळेच्या, प्रवेश परीक्षेसाठी गुरुजींनी तीन-चार पोट्ट्यांसोबत माझंही नाव घातलं होतं, जास्तीचा तास घ्यायचे, आणि मी काही शाळेत दिसेना. तर एक दिवस त्यांची एम-80 गाडी आमच्या धुऱ्यावर. मायनं पदर सावरला, "गुरुजी, तुमी काहाले आले जी इथं उन्हातान्हात?" गुरुजी म्हणे, "पोरगी दुपारून किती वेचते?" माय म्हणे, "असंल तीन-चार किलो." झालं. गळ्यातला दुपट्टा काढला, कमरेला ओटी बांधली आणि लागले वेचायला.

वेचता मात्र काही येत नव्हतं बरं का. बोंडाची टोकं बोटात घुसून रक्त निघालं, कापसात पत्तीच पत्ती, माय हसू दाबत मागून निवडत होती. शिक्षणाचं महत्त्व वगैरे काही सांगत बसले नाहीत. ओटी रिकामी केली आणि बोलले, "हे चार किलो धर बाई, उद्या दुपारून तिला पाठव." बस. पुन्हाही आले, मग मायलाच लाज वाटली आणि तिनं मला सोडलं.

आता हे वाचून कमेंटमध्ये "देवमाणूस" लिहाल. नका लिहू. देवमाणूस म्हटलं की आपण मोकळे, कारण देवासारखं वागणं आपल्याला थोडीच जमणार! माणूस होते ते. तंबाखू-सुपारीचा खर्रा खायचे, तोंडात खर्रा ठेवून आम्हाला खर्रा खाऊ नका म्हणून सांगायचे. पाढे चुकले की रागवायचे पण असे की विचारू नका. आणि तेव्हा शाळेत शिजवलेली खिचडी नव्हती, 1995 पासून महिन्याला तीन किलो तांदूळ मिळायचा, तोही 80 टक्के हजेरी असली तर. आता कापसाच्या दिवसात कुठून येणार 80 टक्के? गुरुजींनी कुणाची हजेरी कधीच वाढवून मांडली नाही असं मी छातीठोक सांगणार नाही. तांदूळ मात्र आमच्या घरी दर महिन्याला आला. नियमवाल्यांनी काय बोलायचं ते बोला.

हो, आताचे काही मास्तर मोबाइलातून डोकं वर काढत नाहीत, मान्य. पण त्यांना शिकवू कोण देतंय? मतदार यादी मास्तरनं करायची, खिचडीचा हिशोब मास्तरनं ठेवायचा, रोज एक नवीन ॲप भरायचं. आणि ज्यांना गुरुजींचा एवढा पुळका त्यांची पोरं कुठं आहेत? कॉन्व्हेंटच्या पिवळ्या गाडीत. मग झेडपीच्या शाळेचा पट कमी झाला म्हणून रडायचं. 2023 मध्ये सरकारनं 20 च्या खालच्या पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायचं काढलं, तेव्हा आमच्या ग्रामसभेत कोण बोललं? रिटायर झालेले गुरुजी, एकटेच. नाल्याला पूर आला तर पहिलीतलं लेकरू दुसऱ्या गावी जाईल कसं, एवढंच विचारत होते आणि श्रद्धांजलीवाले मागं बसून चहा कधी येतो ते पाहत होते. चीड येते.

असो.

माझा नवोदयला नंबर लागला नाही. पूर्ण जिल्ह्यातून 80 पोरं घेतात, लागणार कसा. माय बोलली, "गेले ना गुरुजी तुमचे चार किलो पाण्यात." गुरुजी हसले नुसते. गावातली शाळा संपल्यावर तालुक्याच्या शाळेत नाव त्यांनीच घातलं, अहिल्याबाई होळकर योजनेचा मुलींचा फुकट एसटी पास असतो हे आमच्या घरी कुणाला माहीत होतं? डेपोत फॉर्म घेऊन तेच गेले. बाबाला फक्त सही करायला लावली.

आज मायला फोन करून सांगितलं. थोडा वेळ गप्प. मग म्हणे, "त्याइचा कापूस निवडता निवडता जीव गेला होता वं माझा." आणि मग जी रडायला लागली ती थांबेच ना. बाबा गेला तेव्हाही माय अशी रडली नव्हती.

तेरवीला चौकात फ्लेक्स लावायचं चाललंय म्हणे, वर नेत्यांचे फोटो आणि खाली कोपऱ्यात गुरुजी. त्याची वर्गणी मी देणार नाही, फोन करू नका. काकू, म्हणजे गुरुजींची बायको, गावातच आहेत. भेटायला जाल तर सकाळी जा, दुपारून गोळ्यांनी त्यांना झोप येते. आणि घोळक्यानं जाऊन त्यांच्यासोबत फोटो काढत बसू नका बाप्पा, एवढं तरी करा.