माधव आपटे पाहण्यापूर्वी घ्यावयाची काळजी

निशिकांत कामत यांचा ‘डोंबिवली फास्ट’ आपण अजून पाहिला नसेल, तर अवश्य पाहावा. मात्र पुरेशा पूर्वतयारीशिवाय पाहू नये. २००५ सालचा हा चित्रपट वरवर निरुपद्रवी दिसतो. डोंबिवलीत राहणारा, बँकेत नोकरी करणारा आणि रोज लोकलने मुंबई गाठणारा माधव आपटे नावाचा एक सरळमार्गी संसारी माणूस, इतकाच त्याचा नायक. संदीप कुलकर्णी यांनी तो इतक्या बेताने उभा केला आहे, की सुरुवातीला तो आपल्याच डब्यातला वाटतो. धोका आहे तो इथेच.

तेव्हा पहिली काळजी अशी, की स्वतःला ताबडतोब आपटे समजून मोकळे व्हावे. या चित्रपटात सोयीची जागा एकच आहे आणि ती वेळेवर रुमाल टाकून धरली नाही, तर उरलेल्या जागा फार अडचणीच्या आहेत: जास्तीचे पैसे घेणारे, चिरीमिरीशिवाय कागद न हलवणारे, नियम मोडणारे, आणि ‘आपल्याला काय करायचंय’ म्हणत हे सारे पाहणारे. यांपैकी कोणाचाही चेहरा ओळखीचा वाटू लागल्यास पॉपकॉर्न आणायला उठावे.

दुसरी काळजी ‘ॲडजस्ट’ या शब्दाबाबत. हा शब्द इंग्रजीतून आला असला, तरी त्याला खरे नागरिकत्व मध्य रेल्वेने दिले. तिघांच्या बाकावर चौथा येतो आणि अर्धे अंग हवेत ठेवून बसतो. तो ‘जरा सरकून घ्या’ म्हणतो तेव्हा ती माणुसकी असते, आणि तोच आत सरकून पक्का बसल्यावर पुढच्या स्टेशनात चढणाऱ्याने तेच म्हटले, तर ती दादागिरी ठरते. आपटेचे दुखणे असे, की त्याला ही शब्दकळा शेवटपर्यंत जमली नाही. आपल्याला ती उत्तम जमते, याबद्दल कृतज्ञ राहावे.

प्रस्तुत लेखकाने एकदा थंड पेयाच्या बाटलीवर छापील किमतीपेक्षा दोन रुपये अधिक, म्हणजे ‘कूलिंगचे’, देण्याचे नाकारले होते. दुकानदार काहीच बोलला नाही; बोलले ते मागचे गिऱ्हाईक. ‘अहो, द्या ना दोन रुपये, आमचा खोळंबा होतोय.’ सुटे दोन रुपये काढेपर्यंत बाटली गरम झाली होती, हे कबूल करायला हवे.

तिसरी काळजी बॅटची. हे सारे असह्य होऊन आपटे क्रिकेटची बॅट उचलतो आणि फोडाफोड करतो, तेव्हा टाळ्या वाजवाव्यात, किंबहुना उभे राहून वाजवाव्यात, कारण फुटणारी काच दुसऱ्याची असते. परंतु त्याच २००५ साली, १२ ऑक्टोबरला, माहितीचा अधिकार कायदा लागू झाला, ही गोष्ट अशा वेळी आठवू देऊ नये. दहा रुपयांचे शुल्क भरून अर्ज करायचा, तीस दिवस थांबायचे, उत्तर आले नाही तर अपील करायचे, आणि ते सुनावणीला येईपर्यंत अर्जाची झेरॉक्स जपून ठेवायची. या सगळ्यात पार्श्वसंगीताला वाव नाही. बॅट कशी झटपट आहे. शिवाय ती आपल्याला चालवावी लागत नाही, पडद्यावरचा माणूस चालवतो आणि त्याचे पुढे जे व्हायचे ते त्याचे होते. आपल्याला शेवटची लोकल मिळते.

हा प्रकार केवळ डोंबिवलीत घडतो, अशी समजूतही फार काळ टिकणार नाही. चित्रपटाला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि २००७ मध्ये कामत यांनीच आर. माधवन यांना घेऊन तो तमिळमध्ये केला. तिथेही लोकांना तो आपलाच वाटला असणार; नळ, रांगा आणि सुटे पैसे यांना भाषेची अडचण येत नाही.

राहता राहिले पाहण्याचे ठिकाण. यासाठी संध्याकाळच्या परतीच्या लोकलचा डबा सर्वांत योग्य. आदल्या स्टेशनावरून उलटे येऊन खिडकी पकडावी, शेजारच्या जागेवर मित्रासाठी पिशवी ठेवावी, इअरफोन घरी विसरावेत आणि मोबाइलचा आवाज पूर्ण वाढवून आपटेचा संताप सगळ्या डब्याला ऐकवावा. बाकाच्या टोकावर अर्धवट टेकलेला, बँकेतून सुटलेला वाटावा असा एखादा गृहस्थ ‘आवाज जरा कमी करता का?’ असे अगदी हळू विचारेल. त्याला ‘ॲडजस्ट करा हो’ असे सांगण्यापूर्वी त्याच्या हातात काय आहे, तेवढे मात्र बघून घ्यावे.